बिननावाची भांडी : जुन्या अमेरिकन पोर्सिलेनचे संग्राहक आणि त्यांची खरेदी

इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे वूली अँड वॉलिस नावाचे लिलावगृह आहे. तेथे २० फेब्रुवारी २०१८ रोजी निळ्या चित्रांची एक छोटी चहाची किटली विक्रीस आली. किटलीला झाकण नव्हते आणि तिचा कान मोडून पुन्हा जोडलेला होता. दोन वर्षांपूर्वी, २०१६ साली, लिंकन येथील एका लिलावात ती १५ पौंडांना गेली होती. सॉल्झबरीला मात्र हातोडा पडला तो ४,६०,००० पौंडांवर. लिलावगृहाची दस्तुरी धरली तर रक्कम पावणेसहा लाख पौंडांच्या घरात जाते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमसाठी एका व्यापाऱ्याने ती विकत घेतली.

मधल्या दोन वर्षांत किटली होती तशीच होती. बदलले होते ते तिच्याविषयीचे एक वाक्य. आधी ती एक मोडकी, बेवारशी वस्तू होती. नंतर ती दक्षिण कॅरोलायनातील जॉन बार्टलम या कुंभाराने १७६५ ते १७६९च्या सुमारास घडविलेली, म्हणजे अमेरिकेतील सर्वांत जुन्या ज्ञात पोर्सिलेनपैकी एक, असे ठरले. बार्टलमच्या नावे नोंदली गेलेली ती अवघी सातवी वस्तू. १५ पौंड हे किटलीचे मोल मानले, तर उरलेले सगळे पैसे त्या एका वाक्याचे होत. ज्या आपल्या समाजात कान तुटलेला कप हॉटेलाबाहेर कोणासाठी वेगळा ठेवलेला असे हे दलित आत्मकथनांनी सांगून ठेवले आहे, तेथील वाचकाला मोडक्या कानाची ही प्रतिष्ठा चमत्कारिक वाटेल. पण त्या निमित्ताने एक प्रश्न विचारता येतो : जुने अमेरिकन पोर्सिलेन विकत घेणारा माणूस नेमके काय विकत घेतो?

आम्ही साहित्याचे अध्यापक. भांड्यांची पारख हा आमचा प्रांत नव्हे. परंतु कोणत्या कृतीखाली कोणाचे नाव घालावे, कोणत्या पुराव्यावर घालावे आणि नाव घातले की त्या कृतीकडे पाहण्याची आपली नजर कशी बदलते, हे प्रश्न आमच्या रोजच्या कामाचे आहेत. अमेरिकन पोर्सिलेनचा इतिहास हा जवळजवळ संपूर्णपणे याच प्रश्नांचा इतिहास आहे, असे वाचताना लक्षात आले आणि हा लेख लिहावासा वाटला.

प्रथम वस्तूविषयी. आपण ज्याला सरसकट ‘चिनी माती’ म्हणतो, त्यात अनेक जाती येतात. त्यांपैकी पोर्सिलेन म्हणजे केओलिन नावाची पांढरी माती आणि फेल्डस्पारयुक्त खडकाची भुकटी यांच्या मिश्रणातून, सुमारे १३०० अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक तापमानाला भाजून तयार होणारे पांढरे, खणखणीत वाजणारे आणि प्रकाशासमोर धरले असता अर्धपारदर्शक दिसणारे भांडे. चीनने ते शेकडो वर्षे घडविले. युरोपला त्याचे रहस्य उलगडले ते अठराव्या शतकाच्या आरंभी. जर्मनीतील माइसेन येथे १७१० साली पहिला कारखाना निघाला. ज्यांना ही कृती साधली नाही त्यांनी काचेची पूड, हाडांची राख इत्यादी घालून ‘मऊ’ पोर्सिलेन केले. इंग्लंडमधील बहुतेक आरंभीचे पोर्सिलेन या मऊ जातीचे आहे. मराठीने मातीला देशाचे नाव दिले, इंग्रजीने तर भांड्यालाच देशाचे नाव दिले. मूळ नाव एकदा चिकटले की तीच वस्तू दुसरीकडे कितीही उत्तम झाली तरी ती नक्कलच वाटत राहते. अमेरिकेतल्या कारखानदारांच्या वाट्याला तर दुहेरी नक्कल आली : चीनची नक्कल करणाऱ्या युरोपची नक्कल.

आणि तरीही माती त्यांच्याच देशात होती. उत्तर कॅरोलायनातील चेरोकी लोकांच्या डोंगरांत उत्कृष्ट पांढरी माती सापडते, ही वार्ता इंग्लंडला १७४०च्या दशकातच पोहोचली होती. जोसाया वेजवुड या प्रख्यात इंग्रज कारखानदाराने १७६७ साली टॉमस ग्रिफिथ्स नावाचा माणूस मुद्दाम त्या प्रदेशात पाठविला. त्याने चेरोकी लोकांशी बोलणी केली, घोड्यांवर लादून ती माती समुद्रकाठी आणली आणि सुमारे पाच टन माल इंग्लंडला नेला. वसाहतीने माती पाठवायची आणि भांडी विकत घ्यायची, हा व्यवहार दादाभाई आणि न्यायमूर्ती रानडे वाचलेल्या मराठी वाचकाला निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. याच वेजवुडने १७६५ साली एका पार्लमेंट सदस्याला लिहिलेल्या पत्रात दक्षिण कॅरोलायनात कुंभारकामाचा कारखाना निघत असल्याबद्दल चिंता व्यक्त केली होती. तो कारखाना बार्टलमचा.

बार्टलम हा इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातला कसबी कुंभार. कर्जे झाल्याने तो १७६३च्या सुमारास अमेरिकेत आला आणि चार्ल्सटनजवळ केन हॉय या ठिकाणी त्याने भट्टी लावली. पुढे तो चार्ल्सटनला आणि तेथून कॅमडेनला गेला आणि १७८१ साली वारला. दोनशे वर्षे त्याचे नाव केवळ कागदोपत्री होते. १९९०च्या दशकात केन हॉयच्या उत्खननात पोर्सिलेनचे निळ्या चित्रांचे तुकडे मिळाले, आणि नंतर अभ्यासकांच्या लक्षात आले की असेच चित्र असलेले काही चहाचे पेले संग्रहांतून आधीपासूनच आहेत, पण ते लंडनजवळच्या आयल्वर्थचे म्हणून. त्या चित्रात ताडासारखी दक्षिण कॅरोलायनातील झाडे आणि क्रौंच पक्षी आहेत. म्हणजे वस्तू आपले गाव सांगत होती. पाहणाऱ्यांनी ते ‘चिनी धर्तीचे नक्षीकाम’ म्हणून सोडून दिले होते.

दुसरा प्रयत्न फिलाडेल्फियाचा, आणि तो अधिक नाट्यमय आहे. टाउनशेंडच्या १७६७च्या करांविरुद्ध वसाहतींतील व्यापाऱ्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला. या हवेत अँटिग्वा बेटावर जन्मलेला गूस बॉनिन आणि फिलाडेल्फियाच्या एका क्वेकर घराण्यातील जॉर्ज अँथनी मॉरिस या दोघांनी १७७० साली साउथवर्क भागात ‘अमेरिकन चायना मॅन्युफॅक्टरी’ काढली. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या दिवसांत आपल्याकडे तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, त्याची येथे आठवण व्हावी. त्यांचे पोर्सिलेन हाडांच्या राखेचे होते आणि त्यासाठी त्यांनी वृत्तपत्रात जाहिरात दिली : घोड्यांची किंवा गुरांची नळीची हाडे, अखंड असोत वा मोडकी, हजारी १५ शिलिंगांनी घेतली जातील, डुकरांच्या, वासरांच्या, मेंढ्यांच्या हाडांना त्याहून कमी भाव. (‘बोन चायना’ या नावातील हाडाचा अर्थ कळल्यावर आपल्याकडील किती घरांतून ते कप माळ्यावर गेले असतील, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.)

बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा लंडनमध्ये होता. पत्नी डेबोरा हिने त्याला या कारखान्याची काही भांडी पाठविली. जानेवारी १७७२मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने कारखान्याची प्रगती पाहून आनंद व्यक्त केला आणि मनापासून यश चिंतिले. यश मात्र आले नाही. १७७० साली चहा वगळता बाकीचे कर उठले, बहिष्कार ढिला पडला आणि इंग्रजी मालाचा लोंढा पुन्हा सुरू झाला. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाकडे मालकांनी कर्ज मागितले. ते मिळाले नाही. १७७२ संपण्यापूर्वी कारखाना बंद पडला. आज या कारखान्याच्या सुमारे वीस अखंड वस्तू ज्ञात आहेत. बहुतेक बशा, जाळीदार परड्या आणि शिंपल्यांच्या आकाराच्या वाट्या एकमेकींना जोडून केलेली लोणची-मुरंब्यांची तबके. काहींच्या तळाशी निळ्या रंगात ‘पी’ हे अक्षर आहे. हे अक्षर फिलाडेल्फियाचे की आणखी कशाचे, हे भांडे खरोखर पोर्सिलेन की साधी पांढरी माती, याबद्दल पूर्वी मतभेद होते. १९६०च्या दशकात कारखान्याच्या जागी खोदकाम झाले, भट्टीत बिघडलेले तुकडे मिळाले आणि ग्रॅहम हुड यांचा या कारखान्यावरील ग्रंथ १९७२ साली आला, तेव्हा वाद मिटला. कलासंग्रहालयांतून या वीस वस्तूंना जे स्थान आहे त्याचे कारण त्यांची निळी फुले नव्हेत. तसली फुले इंग्लंडच्या बो कारखान्याने अधिक सफाईने काढली. कारण असे की कारखाना बुडाला. तो पन्नास वर्षे चालता तर ही तबके आज जुन्या बाजारातही मिळाली असती.

यानंतर टकर. आमच्या मते अमेरिकन पोर्सिलेनच्या इतिहासातील सर्वांत मनोरंजक प्रकरण हेच.

विल्यम एलिस टकर हा फिलाडेल्फियाचा तरुण. वडिलांचे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान होते. बाहेरून आलेल्या कोऱ्या पांढऱ्या भांड्यांवर तो चित्रे रंगवी आणि एका लहानशा भट्टीत भाजी. मग भांडेच का घडवू नये, असे त्याच्या मनाने घेतले. १८२६ साली शहराच्या जुन्या जलकेंद्राच्या इमारतीत त्याने कारखाना सुरू केला. १८२७ साली फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे पदक मिळविले. भट्ट्यांमागून भट्ट्या मात्र वाया जात होत्या. त्याचा धाकटा भाऊ टॉमस याने १८६८ साली फिलाडेल्फियाच्या इतिहास-मंडळापुढे एक हकीकत सांगितली. भट्टी उघडावी तो भांडी कानांशिवाय निघत आणि कान खाली मातीच्या डब्यांत पडलेले सापडत. शेवटी कारखान्यातल्या एका बहिऱ्या कामगाराने पाहिले, की भट्टीत माल रचणारा माणूस प्रत्येक भांडे ठेवताना त्याच्या कानाच्या मुळाशी हळूच सुरी फिरवितो. तो इंग्लंडमधील हितसंबंधी मंडळींनी पेरलेला होता, असे टॉमसचे म्हणणे. चाळीस वर्षांनी सांगितलेली कौटुंबिक आठवण म्हणून या हकीकतीकडे थोड्या सावधपणे पाहावे हे खरे. पण शत्रूचा माणूस सुरी घेऊन आत बसला आहे ही भावना त्या काळच्या कारखानदाराच्या मनात होती, एवढे तरी तिच्यातून निश्चित कळते.

टकरने १८३० साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना नमुने पाठविले आणि सरकारी साहाय्याची अपेक्षा केली. जॅक्सन यांनी मालाची मुक्तकंठाने स्तुती केली. साहाय्य मिळाले नाही. सरकारी उत्तराची ही जात सार्वकालिक दिसते. १८३२ साली विल्यम वारला. न्यायाधीश जोसेफ हेम्पहिल यांचे भांडवल आणि टॉमसचे श्रम यांवर कारखाना आणखी काही वर्षे चालला आणि १८३८ साली बंद झाला.

टकरचे पोर्सिलेन अस्सल, कठीण जातीचे होते. पण त्याला गिऱ्हाईक हवे होते, आणि फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू गिऱ्हाइकाला पॅरिसचा माल हवा होता. म्हणून टकरने पॅरिसचे आकार, पॅरिसची सोनेरी काठाची फुले घेतली आणि बहुतेक भांड्यांवर स्वतःचे नाव घातले नाही. काही थोड्या वस्तूंवर नाव आहे. काहींच्या तळाशी कामगारांनी ओल्या मातीत कोरलेली आद्याक्षरे आहेत. बाकीचा माल बिननावाचा. त्यामुळे पुढच्या काळात एक विलक्षण घटना घडली. कारखाना चालू असताना अमेरिकन भांडे फ्रेंच म्हणून खपावे अशी मालकाची इच्छा होती. शंभर वर्षांनी पॅरिसची सामान्य बिननावी भांडी ‘टकर’ म्हणून विकली जाऊ लागली. नकलेने मुळाची किंमत ओलांडली की मूळच नकलेचे सोंग घेऊ लागते.

नाव लपविण्याची ही रीत टकरपुरती नव्हती. १८७०-८०च्या काळात न्यू जर्सीतील ट्रेंटन आणि ओहायोतील ईस्ट लिव्हरपूल ही कुंभारकामाची मोठी केंद्रे झाली. तेथील कितीतरी कारखान्यांच्या पांढऱ्या भांड्यांवर तळाशी सिंह आणि एकशिंगी घोडा असलेले ब्रिटिश राजचिन्ह, किंवा त्याच्या इतक्या जवळचे चित्र, की घाईत फरक कळू नये, असा शिक्का आढळतो. ज्या प्रजासत्ताकाने राजा झुगारला त्याच्या भांड्यांना खपण्यासाठी राजाचा शिक्का लागत होता. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे ओझे फेकून देण्याचा प्रयत्न झाला. ब्रुकलिनच्या युनियन पोर्सिलेन वर्क्ससाठी कार्ल म्युलर या जर्मन वंशाच्या शिल्पकाराने ‘सेंच्युरी व्हाज’ घडविला : वॉशिंग्टनची मुखाकृती, कानांच्या जागी गव्याची शिरे, अंगावर शंभर वर्षांचे प्रसंग आणि यंत्रे. ट्रेंटनच्या ऑट अँड ब्रूअरसाठी आयझॅक ब्रूम याने बेसबॉलचे खेळाडू असलेला कलश केला. दोन्ही वस्तूंत राष्ट्रभक्ती इतकी ठासून भरली आहे की भांडे म्हणून त्यांच्याकडे पाहणे कठीण जाते. आम्हांला त्यांतला बेसबॉलचा कलश अधिक आवडतो; त्यात निदान खेळ आहे. व्हाइट हाउसमध्ये मात्र जेवण विदेशी ताटांतच वाढले जात होते. राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या १८७९-८० सालच्या ताटांवर अमेरिकेतील पशुपक्षी आणि वनस्पती रंगविल्या आहेत. ताटे फ्रान्समधील लिमोझची. अमेरिकेत घडलेला पहिला संच तेथे पोहोचला तो १९१८ साली, विल्सन यांच्या कारकिर्दीत, ट्रेंटनच्या लेनॉक्स कारखान्याकडून. त्याच लेनॉक्सने नॉर्थ कॅरोलायनातील किन्स्टन येथील आपला कारखाना २०२० साली बंद केला.

आता संग्राहक. अमेरिकेत जुनी भांडी गोळा करण्याची हौस १८७६च्या शताब्दीच्या आसपास पसरली. १८७८ साली ॲनी ट्रंबल स्लॉसन यांचे ‘द चायना हंटर्स क्लब’ हे पुस्तक निनावी प्रसिद्ध झाले. ‘हंटर्स’ हा शब्द ध्यानात घ्यावा. न्यू इंग्लंडच्या खेड्यांतून फिरून म्हाताऱ्या बायांच्या फडताळांतील बशा हुडकून काढणे ही शिकार होती. हे पुस्तक धड इतिहास नाही आणि धड कथासंग्रह नाही. भांड्यांच्या निमित्ताने गावोगावच्या स्त्रियांच्या बोलीतल्या कहाण्या त्यात येतात, आणि बोलीभाषेच्या अभ्यासकाला ते आजही वाचनीय वाटावे. १८९२ साली ॲलिस मॉर्स अर्ल यांचे ‘चायना कलेक्टिंग इन अमेरिका’ आले. शहरातील शिक्षित, हौशी खरेदीदार आणि खेड्यातील गरजू किंवा हट्टी मालकीण यांच्यातील घासाघीस त्यांनी मोठ्या विनोदाने रंगविली आहे. तो विनोद आज वाचताना किंचित टोचतो. बशीची किंमत फक्त एकाच पक्षाला ठाऊक असते, आणि दाराशी आलेला पक्ष तोच असतो.

या पहिल्या पिढीने काय गोळा केले? अमेरिकेतील घरांतली भांडी. अमेरिकेत घडलेली नव्हेत. १७८४ साली न्यूयॉर्कहून ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज कँटनला गेले, त्यानंतर चीनमधून थेट येऊ लागलेले पोर्सिलेन. आणि स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांनी खास अमेरिकन गिऱ्हाइकासाठी छापलेल्या, नायगारा आणि बॉस्टनची दृश्ये असलेल्या गडद निळ्या बशा. क्रांतीनंतर जेत्यांना त्यांच्याच देशाची चित्रे विकून जितांनी उत्तम धंदा केला. चीनच्या मालाला तर संग्राहक बराच काळ ‘लोस्टॉफ्ट’ म्हणत, कारण विल्यम चॅफर्स या इंग्रज लेखकाने तो इंग्लंडच्या लोस्टॉफ्ट गावचा ठरविला होता. चूक कळल्यानंतरही नाव व्यापारात टिकून राहिले.

आपल्या देशात काय घडले, हा प्रश्न चिकाटीने विचारणारा माणूस म्हणजे एडविन ॲटली बार्बर. मूळचा पुरातत्त्वाचा अभ्यासक. १८९३ साली त्याने अमेरिकेतील मृत्तिकापात्रे आणि पोर्सिलेन यांचा विस्तृत इतिहास प्रसिद्ध केला, १९०४ साली कारखान्यांच्या शिक्क्यांचा कोश केला, आणि फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाचा प्रमुख या नात्याने १९१६ साली मृत्यू येईपर्यंत त्याची खरेदी चालू होती. कारखानदारांचे वंशज, जुने कामगार, त्यांच्या आठवणी आणि घरातल्या वस्तू यांच्यापर्यंत तो पोहोचला. सुरीवाल्या माणसाची टॉमस टकरची हकीकत आज सर्वांना ठाऊक आहे ती त्याच्या ग्रंथामुळे. वि. का. राजवाडे ज्या काळात मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करीत गावे पालथी घालत होते, साधारण त्याच काळात बार्बर हे काम करीत होता. बार्बरपूर्वी ‘जुने अमेरिकन पोर्सिलेन’ हा प्रकारच बाजारात नव्हता. त्याने तो शब्दांनी निर्माण केला, आणि मग त्याला किंमत आली.

ज्यांना खरोखर खरेदी करावयाची असेल, त्यांच्यासाठी या इतिहासातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली अशी, की तळाच्या शिक्क्यावर सर्वस्वी विसंबू नये. सिंह-घोड्याचा शिक्का इंग्लंडचाच असतो असे नाही, आणि शिक्का नसणे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. १८९०च्या मॅकिन्ली कायद्यानुसार मार्च १८९१पासून आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले, म्हणून ‘इंग्लंड’ लिहिलेले भांडे सामान्यतः त्यानंतरचे धरतात. पण तो नियम आयात मालाचा. देशी भांड्याला तो लागू होत नाही, आणि उत्साही विक्रेते हा फरक सांगत नाहीत. दुसरी गोष्ट टकरविषयी. टकर कारखान्याच्या आकारांची आणि नक्षीची नमुनापुस्तके फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात जतन झाली आहेत. बिननावी सुरईचा आकार त्या पुस्तकात असेल, तळाशी ओळखीचे आद्याक्षर असेल आणि घराण्याची कागदपत्रे असतील, तर तिन्ही मिळून काही म्हणता येते. एकट्या आकारावर म्हणता येत नाही. तिसरी गोष्ट डागडुजीची. जोडलेला कान, भरलेला टवका नव्या रंगाखाली झाकलेला असतो. अतिनील दिव्याखाली नवा भाग बहुधा निराळा चमकतो. बार्टलम किंवा बॉनिन-मॉरिस यांच्याबाबत तर कारखान्याच्या जागी सापडलेले तुकडे आणि मातीचे रासायनिक विश्लेषण यांच्याशी मेळ बसल्याशिवाय कोणी पैसे काढीत नाही. ज्यांची ऐपत बेताची, त्यांनी ट्रेंटनच्या उत्तर-एकोणिसाव्या शतकातील, आयर्लंडच्या बेलीक गावचे नाव घेऊन केलेल्या पातळ, मोतिया रंगाच्या ‘अमेरिकन बेलीक’कडे पाहावे. त्या मालावर कारखान्याचा शिक्का बहुतेक असतो. उसने नाव आणि स्वतःचे नाव एकाच तळावर शेजारी शेजारी, हे दृश्य आम्हांला तरी मोठे बोलके वाटते.

आमच्याकडे ‘मुद्रा’ या शब्दात शिक्का आणि कवीची नाममुद्रा हे दोन्ही अर्थ नांदतात. अभंगाच्या शेवटच्या चरणात आलेले नाव खरे मानावे, तर नामदेवाच्या गाथेत विष्णुदास नामा याच्यासारखा वेगळा, नंतरचा कवी शिरलेला आहे हे संशोधकांनी दाखवून दिले. तेथे नाव आहे आणि कवी दुसरा आहे. टकरच्या सुरईवर कारागीर खरा आहे आणि नाव नाही. दोन्हीकडे पुरावा नावाबाहेर, भाषेत आणि मातीत, शोधावा लागतो. फरक एवढाच, की अभंग दुसऱ्याचा ठरला म्हणून कोणाला लाखांचा घाटा होत नाही. भांड्यांच्या व्यापारात अभ्यासकाच्या मताला थेट बाजारभाव असतो, आणि म्हणून मत देणारा कोणाच्या पदरी आहे हे पाहावे लागते.

पोर्सिलेन सोडून एक उदाहरण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. बार्टलमच्या त्याच दक्षिण कॅरोलायनात, एजफील्ड भागात, डेव्हिड ड्रेक नावाचा एक गुलाम कुंभार होता. त्याची भांडी पांढरी-नाजूक नव्हेत. धान्य, मांस साठवायचे मातीचे दणकट रांजण. गुलामाला लिहिणे शिकविण्यास त्या राज्याने १८३४ साली कायद्याने बंदी केली. ड्रेक रांजणांवर ‘डेव्ह’ अशी सही करीत राहिला, तारीख घालीत राहिला, आणि कित्येकदा स्वतः रचलेल्या दोन ओळी कोरीत राहिला. स्वतंत्र, भांडवलवान कारखानदार गिऱ्हाइकाच्या धाकाने नाव लपवीत होते, त्या शतकात हे घडत होते. २०२१ साली त्याचा १८५८चा एक रांजण लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरांना गेला. त्या पैशातले काही त्याच्या वंशजांकडे जावे काय, हा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे, आणि तो खेड्यातल्या म्हातारीच्या फडताळाशी उभ्या राहिलेल्या शिकाऱ्यांपर्यंत मागे जातो.

फिलाडेल्फियात अमेरिकन राज्यक्रांतीचे संग्रहालय २०१७ साली उघडले. त्याच्या बांधकामापूर्वी त्या जागेचे उत्खनन झाले. जुन्या शौचकूपांच्या, विहिरींच्या खड्ड्यांतून काचेचे, मातीचे हजारो तुकडे निघाले. त्यांत एक अगदी साधा पांढरा वाडगा होता. त्यावर चित्र नाही, शिक्का नाही. सुरुवातीला कोणी त्याची विशेष दखल घेतली नाही. रासायनिक तपासणीत तो अस्सल, कठीण जातीचे पोर्सिलेन निघाला, आणि अठराव्या शतकात फिलाडेल्फियातच कोणीतरी तो केला असावा असे अभ्यासकांचे मत झाले. टकरच्या कितीतरी आधी. घरच्या माणसांनी तो तुकडे झाल्यावर खड्ड्यात टाकला होता. त्याच्या तळावर बोटे फिरवून पाहिली तरी वाचण्यासारखे तेथे काहीच नाही.